सॉसेज-पास्ता सूप: एकाच टोपात जमतं का?

कुडाळकरीण: पावसात रात्री ५ माणसांचं जेवण एकाच टोपात उरकावं म्हणून म्हापशाहून आणलेल्या गोवा सॉसेजच्या माळेतून पास्ता सूप केलं, पण वाढेपर्यंत पास्ता सगळं पाणी पिऊन बसला, वर खारट ढोण. काय चुकलं?

बांदेकर: मीठ घातलंत ना? गोवा सॉसेजमध्ये मीठ, व्हिनेगर, मिरची आधीच असते. वरचं आतड्याचं आवरण काढून मांस सुटं करा, मंद गॅसवर त्याच्याच चरबीत कांदा-लसूण परता, वेगळं तेल नको, मग टोमॅटो, बटाटा, पाणी. मीठ शेवटी, चाखून.

वेंगुर्ल्याची आजी: पास्ता शेवटच्या १० मिनिटांत टाक गो, कच्चट असतानाच गॅस बंद कर. सकाळसाठी ठेवणार तर वेगळाच उकड, मग टोप दोन होतात, होऊ देत.

कुडाळकरीण: आज जमलं! सासूबाई म्हणे शेवयांचं सार बरं झालंय 😄