वैऱ्याच्या सैन्याशी फोन जोडलेला ठेवावा का?

गंगाघाट
नाशिकरोडला तोफखाना केंद्र, देवळालीला तोफखान्याचं स्कूल, ओझरला विमानांचा कारखाना. लष्करावर मत नसलेला माणूस या गावात शोधावा लागतो, म्हणून विषय इथेच टाकतो. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेल्या महासत्तांच्या सैन्यांनी बोलणं चालू ठेवावं का? माझं उत्तर हो. पण मंत्र्यांच्या फोनवर माझा फारसा भरवसा नाही. नियम हवा तो जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज हाकतात तिथे, उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला.

25 मे 1972 ला मॉस्कोत अमेरिकी आणि सोव्हिएत नौदलांचा समुद्रातल्या घटनांबद्दल करार झाला. मजकूर अगदी कोरडा आहे. समोरच्या जहाजावर तोफ, लाँचर किंवा टॉर्पिडोची नळी रोखून हल्ल्याचा आव आणायचा नाही. त्याच्या ब्रिजवर सर्चलाइट मारायचा नाही. आपण काय करणार आहोत ते ठरलेल्या संकेतांनी कळवायचं. किती मीटर लांब राहायचं, हा आकडा मात्र त्यात नाही, आणि ते बरंच झालं. आकडा असता तर प्रत्येक कप्तान त्या आकड्याच्या कडेला जाऊन उभा राहिला असता. तक्रार जायची नौदल अटॅशेमार्फत, म्हणजे वकिलातीतल्या नौदल अधिकाऱ्यामार्फत, आणि दरवर्षी दोन्हीकडचे दर्यावर्दीच बसून हिशेब करायचे.

बारूदखाना
अहो, ते चाललं कारण अपघात दोघांनाही नको होता. चीनला समोरच्याच्या पोटात थोडा गोळा यायलाच हवा असतो. अमेरिका-चीन सागरी सल्लामसलतीचा करार 1998 चा. 1 एप्रिल 2001 ला चीनच्या हैनान बेटाजवळ चिनी जे-8 लढाऊ विमान अमेरिकेच्या ईपी-3 टेहळणी विमानाला धडकलं. चिनी वैमानिक गेला, ईपी-3 कसंबसं हैनानवरच्या लिंगशुईच्या तळावर उतरलं, 24 जण 11 दिवस अडकून पडले. विमान तर सुटं करून मालवाहू विमानातून परत न्यावं लागलं. कुठे होता तो करार?

आपलंच बघा. 1996 चा भारत-चीन करार काढून वाचा. ताबा रेषेजवळ एका डिव्हिजनहून, म्हणजे सुमारे 15,000 सैनिकांहून मोठा सराव टाळायचा. ब्रिगेडहून, म्हणजे 5,000 हून मोठा असेल तर आधी कळवायचं. लढाऊ विमानं 10 किलोमीटरच्या आत आणायची नाहीत, 2 किलोमीटरच्या आत गोळी झाडायची नाही. 2013 ला भर घातली की एकमेकांच्या गस्तीचा पाठलाग करायचा नाही. कागद बिनचूक. तरी 2020 च्या उन्हाळ्यात त्यांनी सैन्य आणून बसवलंच, आणि 15 जूनला गलवानमध्ये गोळी न झाडण्याचा नियम पाळून आपले 20 जवान गेले. खिळे ठोकलेल्या दांड्यांबद्दल करारात कलम नव्हतं.

द्राक्षबाग
मधेच विचारतो. अमेरिका आणि रशियाच्या प्रमुखांमधला तो सिनेमातला लाल फोन खरंच होता का?

गंगाघाट
नव्हता. 1963 ला बसवला तो टेलिप्रिंटर, तारेवरून आलेला मजकूर छापणारं यंत्र. मुद्दाम लेखी ठेवला, कारण घाईत दुभाष्याचा एक शब्द चुकला तर संपलं. शिवाय कागद हातात आला की उत्तर देण्याआधी माणूस दोनदा वाचतो. तार चालू आहे ना, हे बघायला दर तासाला चाचणीचा मजकूर जायचा. 1967 च्या अरब-इस्रायल युद्धात तो खऱ्या अर्थानं कामाला आला.

बारूदखाना, 2001 चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. 1998 च्या करारात बैठका होत्या, ब्रिजवर किंवा कॉकपिटमध्ये पाळायचे नियम नव्हते. नियम होते तिथे काय झालं बघा. 12 फेब्रुवारी 1988 ला काळ्या समुद्रात सोव्हिएत जहाजांनी दोन अमेरिकी युद्धनौकांना ठरवून धडक दिली. गोळी कुणीही झाडली नाही आणि पुढच्या वर्षी निर्धोक मार्गाबद्दल, म्हणजे दुसऱ्याच्या सागरी हद्दीतून निरुपद्रवीपणे जाण्याबद्दल, संयुक्त निवेदन निघालं.

एक भोक मात्र मान्य करतो. 2014 ला चिंगदाओत ठरलेली समुद्रातली आचारसंहिता नौदलांपुरती आहे, तीही बंधनकारक नाही. चीन पुढे करतो तटरक्षक दल. 17 जून 2024 ला फिलिपिन्सच्या रबरी बोटींवर कुऱ्हाडी घेऊन आले ते तटरक्षकवालेच. एका खलाशाचा अंगठा गेला.

ओझरकर
दोघंही एक गोष्ट सोडताय. फोन ही चीनच्या लेखी बक्षिसी आहे, वागणूक आवडली तर मिळते. ऑगस्ट 2022 ला अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या सभापती पेलोसी तैवानला गेल्या आणि चीननं थिएटर कमांडरांचं, म्हणजे एकेका युद्धक्षेत्राच्या सेनापतींचं बोलणं, संरक्षण धोरणाची बैठक आणि 1998 च्या कराराची बैठक, तिन्ही एका झटक्यात रद्द केली. फेब्रुवारी 2023 ला अमेरिकेनं चिनी बलून पाडल्यावर अमेरिकी संरक्षणमंत्री ऑस्टिन यांचा फोन चीननं घेतलाच नाही.

अमेरिकेनंही पायावर धोंडा मारून घेतला होता. रशियाची सुखोई-35 लढाऊ विमानं आणि एस-400 ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतल्याबद्दल 2018 ला चिनी जनरल ली शांगफू यांच्यावर निर्बंध लावले. 2023 ला तेच चीनचे संरक्षणमंत्री झाले आणि सिंगापूरला ऑस्टिनशी हस्तांदोलनापुरतेच थांबले. एस-400 आपणही घेतलं, आपल्याला झळ लागली नाही. तुर्कस्तानला डिसेंबर 2020 ला लागली. निर्बंध कुणावर, हे गिऱ्हाईक बघून ठरतं. आमच्या ओझरला रशियन परवान्यावर सुखोई बनलं आणि 17 ऑक्टोबर 2025 ला तिथूनच अमेरिकी इंजिनाचं आपलं तेजस मार्क-1ए लढाऊ विमान उडालं, तेव्हा हा हिशेब आम्हाला नवा नाही.

शिवाय चिनी कमांडरच्या शेजारी त्याच्याच दर्जाचा पक्षाचा राजकीय अधिकारी बसतो. रात्री दोनला फोन वाजला तर तो एकटा उचलून शब्द देऊ शकत नाही. तुमचे ब्रिजवरचे नियम तिथे कोण पाळणार?

गंगाघाट
म्हणूनच घंटा रोज वाजायला हवी. आपल्या आणि पाकिस्तानच्या डीजीएमओ (लष्करी कारवायांचे महासंचालक) कार्यालयांत दर मंगळवारी बोलणं होत आलंय. 10 मे 2025 ला दुपारी 3:35 ला त्यांचा फोन आला तो याच सवयीच्या लाइनवर, आणि 5 पासून मारा थांबवायचं ठरलं.

बारूदखाना
तो फोन आला त्यांच्या हवाई तळांवर मारा झाल्यावर, हे विसरू नका. मंगळवारची सवय होती तरी आधीचे तीन दिवस तोफा चालूच होत्या.

ओझरकर
आणि चीनकडे तो मंगळवारही नाही. नोव्हेंबर 2023 ला बायडेन-शी भेटीत संपर्क पुन्हा सुरू करायचं ठरलं. थिएटर कमांडर पातळीवरचं पहिलं बोलणं झालं सप्टेंबर 2024 ला. वरून होकार मिळाल्यावरही दहा महिने.