ग्राहकाच्या सर्व्हरवर सोर्समधून बांधणी नको, पॅकेजच घाला

राजवाडाकर
सियागंजातल्या एका ठोक व्यापाऱ्याचा उबुंटू सर्व्हर गेल्या महिन्यात माझ्या गळ्यात पडला. आधीच्या माणसाने एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर तयार पॅकेज न घेता सोर्समधून, म्हणजे मूळ कोडमधून, कंपाइल केला होता, ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररीसुद्धा आतच बांधून. तो माणूस आता इंदूर सोडून गेलाय. सिस्टिमचं ओपनएसएसएल एपीटीने, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज-व्यवस्थापकाने, वेळोवेळी अपडेट होत राहिलं, पण या एन्जिनएक्सच्या पोटातलं तसंच जुनं. एपीटीला हा एन्जिनएक्स तिथे आहे हेच ठाऊक नाही! माझं स्पष्ट मत आहे, दुसऱ्याच्या सर्व्हरवर असं करू नये.

विजयनगरवाला
पटत नाही. पॅकेजवाले चुकत नाहीत का? २००६ मध्ये डेबियनने (उबुंटू ज्यावर उभा आहे ते लिनक्स) ओपनएसएसएलच्या कोडमधल्या दोन ओळी काढल्या आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या बनवताना यादृच्छिकता उरली ती फक्त प्रोसेस क्रमांकाची, म्हणजे जेमतेम ३२ हजार शक्यता. उघडकीला आलं मे २००८ मध्ये. मूळ सोर्स वापरणारे त्यातून सुटले. शिवाय उबुंटू २२.०४ मध्ये एन्जिनएक्स १.१८ मिळतो, तो २०२० चा आहे.

राजवाडाकर
आकडा जुना, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच आवृत्तीत मागे आणून घातलेल्या असतात. पॅकेजचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंद, उघडून बघा. आणि २००८ ची दुरुस्तीही एपीटीनेच घरोघरी पोचली, कच्च्या किल्ल्यांच्या यादीसकट. बऱ्याच किल्ल्या मात्र लोकांना हाताने नव्या कराव्या लागल्या, हे मान्य.

छावणीची_सून
तुमचं दोघांचं चालू द्या, मला पॅकेजने रडवलं ते कॉन्फिगपायी, म्हणजे सेटिंगच्या फाइलीपायी. अपग्रेड करताना विचारतं, तुमची फाइल ठेवू की नवी घालू? घाईत नवी म्हटलं आणि आमच्या साइटची सगळी मांडणी गेली. बॅकअप होता म्हणून निभावलं. तेव्हापासून मुख्य फाइलला हात लावत नाही. आपलं सगळं कॉन्फ-डी फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलीत. नवी आवृत्ती हवी असेल तर पोस्टग्रेस डेटाबेससारख्या प्रकल्पांची स्वतःची एपीटी रिपॉझिटरी (पॅकेजांचं कोठार) असते, ती जोडते. पोस्टग्रेसच्या १४ आणि १६ या आवृत्त्या एकाच मशीनवर शेजारी नांदतात, डेटा सावकाश हलवता येतो.

विजयनगरवाला
ताई, रिपॉझिटरीला ना नाही. पण एखादं मॉड्यूल (जोडभाग) कुठेच मिळालं नाही तर मी सोर्सच घेणार. फार तर त्याचं डेब (उबुंटूची पॅकेज फाइल) बनवीन, म्हणजे एपीटीला कळेल.

राजवाडाकर
कळेल, पण त्याचं पुढचं डेब कोण बनवणार? सियागंजातल्या शेटजींकडे पगारी माणूस नाही. तुम्ही दर दुरुस्तीला बनवून द्याल का, एवढं सांगा.