मदत हवी आहे: प्रार्थना करताना मन लागतच नाही

सगळ्यांना नमस्कार, मी 16 वर्षांची आहे, लहानपणापासून दर रविवारी चर्चला जाते, संडे स्कूल पण पूर्ण केलं, पण गेले काही महिने रात्री प्रार्थनेला बसले की दोन मिनिटांत डोक्यात टेस्ट, मैत्रिणीशी झालेलं भांडण, कुणी मेसेज सीन करून रिप्लाय दिला नाही हेच सगळं सुरू होतं आणि मग शेवटी पाठ असलेली प्रभूची प्रार्थना घाईघाईत म्हणून झोपते. खूप अपराधी वाटतं हो.

आईला सांगितलं तर ती घाबरेल की माझा विश्वास गेला, तसं नाहीये, येशूवर माझं खरंच प्रेम आहे, फक्त आतून काही जाणवत नाही.

परवा बायबलमधलं स्तोत्र 13 वाचलं, फक्त 6 वचनं आहेत पण सुरुवातीलाच दावीद राजा देवाला परत परत विचारतो की कुठपर्यंत मला विसरणार, आणि मला रडूच आलं, म्हणजे देवाला असं पण बोलता येतं? मार्कच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायातला, आजारी मुलाला येशूकडे आणणारा तो बाप पण येशूला म्हणतो ना, विश्वास आहे पण माझा अविश्वास घालवा. तो मला सगळ्यात जवळचा वाटतो.

तुमच्यापैकी कुणाला या वयात असं झालं होतं का? तेव्हा नेमकं काय केलं, प्रार्थना वहीत लिहून काढायची का, की सकाळी फोन हातात घ्यायच्या आधीच बसायचं? आणि चर्चच्या पाळकांशी (धर्मगुरूंशी) बोलायचं तर सुरुवात कशी करू, प्लीज सांगा.