गोल्फ न खेळणाऱ्यानं गोल्फ मैदानांच्या आखणीचं त्रैमासिक का वाचावं?

लेव्हलवाला (खानापूर)

सात वर्षांपूर्वी बेळगावच्या कॅम्पातल्या एका रद्दीवाल्याकडं इंग्रजी अंकांचा गठ्ठा दिसला आणि वजनावर घेतला. अकरा अंक, सगळे एकाच त्रैमासिकाचे. त्यात गोल्फची मैदानं कशी आखावीत याशिवाय दुसरं काही नाही. कोण जिंकलं, कुणाला किती बक्षीस मिळालं, कुठली काठी घ्यावी, यातलं एक अक्षर नाही. तेव्हापासून मिळतील तसे पुढचे अंक जमवतोय. परवा मेव्हणा आला होता. अंक चाळून म्हणाला, "दाजी, काठी कधी हातात धरली नाही तुम्ही, मग या श्रीमंतांच्या खेळाचं तुम्हाला काय पडलंय?" तोंडी उत्तर नीट देता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

मी सर्व्हेचं काम करतो. लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावायची, स्टाफ, म्हणजे आकड्यांची पट्टी, धरायला माणूस उभा करायचा, कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघा, काढायचे. बहुतेक वेळा पुढचा हुकूम ठरलेला असतो : सपाट करा. चढ असेल तिथं कट, खोलगट असेल तिथं भराव, आणि वर प्लॉट. वीस वर्षांत मला एकाही मालकानं विचारलं नाही की हा उतार असाच ठेवला तर त्याचं काय करता येईल. या अंकांमध्ये पहिल्या पानापासून तेवढाच प्रश्न असतो.

एक उदाहरण देतो. स्कॉटलंडमध्ये नॉर्थ बेरिक म्हणून गाव आहे, तिथल्या मैदानावरच्या पंधराव्या होलचं नाव रेडान. होल म्हणजे चेंडू पहिल्यांदा मारायच्या जागेपासून भोकापर्यंतचा एक टप्पा, पुऱ्या मैदानात असे अठरा. क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलला रशियनांचा एक बुरूज होता, 1855मध्ये इंग्रजांनी त्यावर हल्ले केले, त्याचं हे नाव. का दिलं? तिथलं ग्रीन, म्हणजे भोक असलेली ती बारीक कापलेल्या गवताची जागा, खेळणाऱ्याच्या समोर सरळ नाही, तिरपी आहे. पुढच्या अंगाला वाळूचा खोल खड्डा, आणि ग्रीनचा उतार आपल्याकडं नाही, आपल्यापासून पलीकडं. सरळ मारलात तर खड्डा किंवा चेंडू पार मागं. बाजूला टाकून उतारावरून घरंगळू दिलात तर भोकाजवळ. हे वाचलं त्या संध्याकाळी मी बेळगावच्या किल्ल्यावर गेलो आणि खंदकाच्या कडेनं अर्धा तास चाललो. सरळ समोरून येणाऱ्याला आडवं कसं घालायचं, तिरपं कसं यायला लावायचं, हा विचार इथंही पूर्वी कुणीतरी केलाच होता. पुढं अमेरिकेत चार्ल्स मॅक्डोनाल्डनं त्या रेडानचा नमुना उचलून आपल्या मैदानात घातला, ते मैदान 1911चं, आणि आज जगभर त्याच्या नकला आहेत. एका उतारावर आठ पानांचा लेख, नकाशा, छेद, चढउताराचे आकडे. मी तो चारदा वाचला.

दुसरं, अमेरिकेतल्या नेब्रास्कात सँड हिल्स म्हणून मैदान आहे, 1995चं. बिल कूर आणि बेन क्रेनशॉ हे आखणारे. त्यांनी त्या वाळूच्या टेकड्यांत हिंडून आधी शंभराहून जास्त होलच्या जागा हेरल्या आणि त्यातल्या अठरा निवडल्या. माती जवळजवळ हलवलीच नाही. हे वाचताना मला माझ्या धंद्याची लाज वाटली नाही, पण माझ्या धंद्यात काय करता येऊ शकलं असतं ते दिसलं.

जमिनीकडं इतक्या बारकाईनं बघणारं नियतकालिक मला दुसरं माहीत नाही. खेळ निमित्त आहे. माझं म्हणणं हे.

शिवारातला (येळ्ळूर)

दादा, मनापासून लिहिलाय, वाचलो. पण पटत नाही.

अठरा होलच्या मैदानाला साधारण दीडशे एकर लागतात. दीडशे एकरात आमच्या गावच्या किती घरांचं भात पिकतं याचा हिशेब तुमच्या त्या आठ पानांत हाय काय? उन्हाळ्यात असलं मैदान हिरवं ठेवायचं तर दिवसाला लाखांनी लिटर पाणी लागतं. एप्रिलात आमच्या बायका टँकरची वाट बघत बसतात. रस्त्यासाठी आमची सव्वा एकर गेली, तेव्हापण कागदावर नकाशा लय देखणा होता. रंगीत रेघा. नकाशा काढणारा जमीन वाचतच असतो की, प्रश्न कुणासाठी वाचतो हा हाय.

आणि रिओचं काय? 2016च्या ऑलिंपिकसाठी तिथं नवं मैदान केलं, ते राखीव निसर्गक्षेत्राच्या जागेत शिरलं म्हणून केवढा वाद झाला. आखणारा नावाजलेलाच होता. चांगली आखणी म्हणून जमीन घ्यायचा हक्क मिळत नाही.

दूर्वांकुर (टिळकवाडी)

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. उष्ण प्रदेशातल्या गोल्फ मैदानांवर ज्या गवताचं एवढं कौतुक असतं, ते बर्म्युडा ग्रास म्हणजे सायनोडॉन डॅक्टिलॉन. म्हणजे आपली हरळी. गणपतीला एकवीस जुड्या वाहतो त्या दूर्वा. ग्रीनवर लावतात त्या जाती बहुतेक हरळीच्या आणि तिच्या आफ्रिकी भावंडाच्या संकरातून काढलेल्या असतात, आणि तीन-चार मिलिमीटरवर कापल्या तरी त्या जगतात. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हरळी म्हणजे शेताला लागलेली कीड, कुदळीनं खणून काढली तरी एका कांडीतून पुन्हा येते. तोच चिवटपणा तिथं गुण ठरला.

लेव्हलवाला सर, तुमच्याकडच्या अंकांत गवतावर लेख असतील तर मला हवे आहेत. माझ्या विद्यार्थ्यांना हरळी ही "कॉमन वीड" एवढीच माहीत आहे.

कॅडीचा मुलगा (हिंडलगा)

माझे वडील बावीस वर्षं गोल्फच्या मैदानावर कॅडी होते, म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहत होते. म्हणून मला या विषयावर बोलायचा हक्क आहे असं समजतो.

ती मासिकं मी पाहिलेली आहेत, एक साहेब वडिलांना जुने अंक देत असत. फोटो फार सुंदर. पण एक गोष्ट बघा दादा, तुमच्याकडचे अकरा अंक आज रात्री पुन्हा उघडून बघा. फोटोत माणूस आहे काय? पहाटेचं तिरपं ऊन, लांब सावल्या, दव, आणि माणूस एकपण नाही. त्या पहाटेच्या आधी चार वाजता कुणीतरी गवत कापलेलं असतं, खड्ड्यातली वाळू दाताळ्यानं ओढून ठेवलेली असते. तो गेल्यावर फोटोग्राफर येतो.

माझ्या वडिलांना ग्रीनचा उतार पायानं कळायचा. चप्पल काढून दोन पावलं चालले की सांगायचे, साहेब, एक वीत डावीकडं. पावसाळ्यात वेगळं, मार्चमध्ये वेगळं, कारण गवताची पात कुठल्या अंगाला झुकलीय तेही त्यांना बघायला लागायचं. हे ज्ञान नाही काय? तुमचं मासिक आखणाऱ्याची मुलाखत घेतं, सहा पानं. कॅडीची घेतलीय काय कधी? जमीन वाचणारं मासिक म्हणताय, तर जमीन सगळ्यांत जास्त वाचलेल्या माणसाला त्यात जागा नाही. माझा राग खेळावर नाही. वडिलांचं त्या मैदानावर प्रेम होतं.

निपाणीकर

मूळ लेखात एक महत्त्वाची गोष्ट राहिली. असलं नियतकालिक हे धंद्याचं असतं. मी तंबाखूच्या व्यापाराची इंग्रजी मासिकं वर्षानुवर्षं वाचतोय, ठेवण तीच. पान उलटलं की पाण्याच्या पाइपची जाहिरात, मग गवताच्या बियाण्याची, मग यंत्रांची. लेखात ज्या मैदानाचं कौतुक, त्याच्या ठेकेदाराची जाहिरात शेजारच्या पानावर. एक आखणारा दुसऱ्याच्या कामाला वाईट म्हणताना सहसा दिसणार नाही. सगळंच उत्तम असेल तर वाचणाऱ्यानं शिकायचं काय? चांगल्या-वाईटाचा निवाडा नसेल तर ते सुंदर कॅटलॉग आहे. मला वाटतं, तुम्ही सर्व्हेवाले आहात म्हणून नकाशांतून स्वतःच शिकताय आणि श्रेय मासिकाला देताय.

लेव्हलवाला (खानापूर)

कॅडीच्या मुलाला आधी उत्तर देतो. रात्री अकराही अंक काढून बसलो. तुमचं खरं आहे. दोन अंकांत बुलडोझर चालवणारे दिसले, एकात नांगरलेल्या मातीवर उभा असलेला आखणारा. बाकी सगळं रिकामं. सात वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. चप्पल काढून चालायची गोष्ट तर मी कुठंच वाचलेली नाही, आणि ती वाचायला मला आवडली असती.

निपाणीकरांचं निम्मं मान्य. निवाडा कमी असतो. पण जुन्या लोकांबद्दलचे लेख तसे नसतात. अॅलिस्टर मॅकेन्झीवरचा लेख घ्या. हा मैदानं आखणारा मूळचा डॉक्टर, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात गेला, तिथं बोअर लोक साध्या उघड्या माळावर कसे लपतात ते बघितलं, आणि तीच युक्ती पुढं मैदानात वापरली. खड्डे असे ठेवायचे की लांबून जमीन सलग वाटावी, जवळ गेल्यावर कळावं मधे केवढं अंतर आहे. गोल्फपटू बॉबी जोन्सबरोबर अमेरिकेतलं ऑगस्टाचं प्रसिद्ध मैदान त्यानंच आखलं. त्या लेखात त्याच्या मैदानांत पुढं लोकांनी काय बदललं, कुठं बिघडवलं, याची चर्चा होती आणि परखड होती.

येळ्ळूरच्या दादांना एवढं सांगतो. सगळी मैदानं जमीन घेऊन झालेली नाहीत. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज, जिथं हा खेळ वाढला, ती जागा म्हणजे सरळ मराठीत गायरान. समुद्र आणि शेतं यांच्यामधली वाळवट जमीन, पिकाला निरुपयोगी. 1552च्या सनदेत तिथं खेळायचा गावकऱ्यांचा हक्क लिहिलाय, आणि त्याच सनदेत ससे पाळायचीही गोष्ट आहे. वाळूचे खड्डे मेंढ्यांनी वाऱ्यापासून आडोशाला बसून बसून केले असं मानतात. आजही तिथलं जुनं मैदान रविवारी खेळाला बंद असतं आणि लोक कुत्री-मुलं घेऊन फिरायला येतात. अठरा होल हा आकडासुद्धा तिथलाच. पूर्वी फेरी बावीसची होती, 1764मध्ये चार छोटी होल दोनांत मिसळली, ती जाताना आणि येताना दोन्ही वेळा खेळत म्हणून फेरी अठराची झाली, आणि पुढं सगळ्या जगानं तेच धरलं.

शिवारातला (येळ्ळूर)

गायरानाची गोष्ट काढलात ते बरं झालं, पण पुरती सांगा की. मी पण शोधून वाचलो. 1797 साली त्या गावची नगरपालिका कर्जात बुडाली आणि गायरान सशांच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेलं. वीस वर्षांवर कोर्टकज्जे आणि मारामाऱ्या. 1821 साली मिटलं कसं? शेजारच्या एका जमीनदारानं ती जमीन विकत घेतली आणि तो गोल्फच्या बाजूचा निघाला म्हणून. गावाकडं जमीन परत यायला आणखी सत्तर वर्षं गेली. म्हणजे तिथंपण गावकऱ्याचा हक्क नुसत्या कागदावर टिकला नाही, धनवान माणसाची मर्जी लागली.

आणि तिथं गायरानाचं मैदान झालं. आमच्याकडच्या गायरानांचं काय झालं ते बेळगावभोवतीच्या कुठल्यापण गावात विचारा. गुरं कुठं चारायची हा प्रश्न घेऊन आम्ही बसूलालोय.

दूर्वांकुर (टिळकवाडी)

दोन्ही बाजू पटतात, तरी एक आठवण. 2022च्या ऑगस्टमध्ये बेळगावात बिबट्या आला तेव्हा तो जाधवनगरातून निघून शेवटी कुठं दडला? गोल्फच्या मैदानावर. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैलू तळावरून हत्ती आणले, तरी तो सापडला नाही. शहराच्या मधोमध बिबट्याला एवढे दिवस लपता येईल इतकी झाडी आणि गवत राहिलं, ते तिथं मैदान होतं म्हणूनच. प्लॉट पडले असते तर काही उरलं नसतं. मैदान हवं की शेत, या वादात तिसरी शक्यता आपण विसरतोय, आणि बेळगावात प्रत्यक्षात तीच घडते : काँक्रीट. ती बिबट्याची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते.

कॅडीचा मुलगा (हिंडलगा)

ताई, त्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या पोरांना संध्याकाळी घराबाहेर सोडत नव्हते. तुमचं चुकीचं नाही, पण तेपण लिहायला पाहिजे.

शिवारातला (येळ्ळूर)

दादा, एक कामाचं विचारतो. आमचं भात बळ्ळारी नाल्याकडेला हाय. दरवर्षी पाऊस चढला की पाणी शिवारात पसरतं आणि चार-आठ दिवस हलत नाही, रोप कुजतं. 2019ला तर सगळंच गेलं. तुमच्या त्या मैदानांवर म्हणे पाऊस थांबला की तासाभरात खेळतात. ते पाणी घालवतात कसं?

लेव्हलवाला (खानापूर)

चांगल्या ग्रीनखाली वर तीस सेंटिमीटर वाळूचा थर, त्याखाली दहा सेंटिमीटर खडी, त्याखाली चरात भोकाचे पाइप, माशाच्या काट्यासारखे : मधे मोठा, दोन्ही अंगांना बारीक. बारक्या दोन पाइपांत साडेचार मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवत नाहीत. हा खर्च शेताला परवडणार नाही, आणि भाताला ती वाळू चालणारपण नाही. पाण्याला वाट द्यायची कल्पना घेता येईल, पाइपऐवजी उघडे चर काढून.

पण एक अडचण आधीच सांगतो. चराचं तोंड नाल्यात सोडायचं तर नाल्याचं पाणी शेताच्या खाली पाहिजे. पुरात नाला शेताच्या वर चढत असेल तर तोच चर पाणी उलटं आत आणील. मग तोंडाला झडप बसवावी लागेल, किंवा नाल्याच्या खालच्या अंगाला लांब जाऊन उतार शोधावा लागेल. नाल्याचा तळ, पुराची खूण आणि तुमच्या बांधाची उंची, या तीन पातळ्या मोजल्याशिवाय काही सांगणं खोटं ठरेल. पुराची खूण कुठल्या झाडावर किंवा विहिरीच्या कठड्यावर दिसत असेल तर पुसू देऊ नका.

शिवारातला (येळ्ळूर)

विहिरीच्या कठड्यावर हाय, चुन्यानं मारून ठेवलोय. रविवारी सकाळी लेव्हल घेऊन ये, स्टाफ मी धरतो. शेजारच्या तिघांच्या बांधावरूनपण फिरायला लागेल, त्यांना सांगून ठेवतो. मासिकाबद्दल माझं मत तेच हाय.