मदत हवी आहे: दूध आहे, पण गाईंना फॅट लागेना

एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई, दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या, विऊन दोन-तीन महिने झालेल्या. एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.५ ला टिकून आहे, फॅट मात्र ३.० ते ३.१. दर ३.५ फॅट/८.५ एसएनएफला धरलेला, त्यामुळे पॉइंटमागे कपात चालूच.

मक्याचा मुरघास (हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा) पोटभर, कडबा कुट्टी नावाला, धारेच्या वेळी मका भरडा आणि गोळी पेंड. मुरघासाची कुट्टी फारच बारीक झालीय, बोटाच्या पेराएवढा तुकडा शोधून सापडत नाही. दुपारी बसलेल्या गाईंपैकी निम्म्याही रवंथ करत नाहीत. शेण पातळ, त्यात मक्याचे दाणे. कोठीपोटात (चारा आंबतो त्या पहिल्या पोटात) आम्लता वाढून अ‍ॅसिटेट (ज्यापासून दुधातलं फॅट बनतं) कमी पडतंय, असा अंदाज.

खायचा सोडा दिला, थोडी चढली, पुन्हा जैसे थे. सरकी पेंड वाढवली, उपयोग शून्य. नमुना दुसऱ्या मशीनवर तपासलाय, आकडा तोच. दगडी (कासेची सूज) नाही. बायपास फॅट (कोठीपोटात न विरघळता पुढे जाणारं, खाद्यातून द्यायचं फॅट) कृपया सुचवू नका, परवडत नाही आणि मूळ दुखणं तिथं नाहीच.

कडबा इकडे महाग आहे, मुरघास तर संपवावाच लागेल. मग आधी भरडा कमी करून तीन-चार वेळा विभागून देऊ की कडबा वाढवू? आणि दूध न घटवता गाईमागे किती किलो कडबा पुरेल?