'नकारात्मक हक्क' म्हणायचं की दुसरं काही?

अनुवादवही: मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी स्वातंत्र्यवादी विचारावर (माणसाच्या व्यवहारात राज्याने कमीत कमी पडावं, असं मानणाऱ्या) टिपण करतेय. पाठ्यपुस्तकी शब्द 'नकारात्मक हक्क' आणि 'सकारात्मक हक्क'. मी तेच ठेवले, तर एकीने विचारलं, नकारात्मक म्हणजे वाईट का? 'नकाराधिकार' म्हणावं तर तो सुरक्षा परिषदेतल्या पाच देशांकडे असतो. अर्थ असा: माझा जीव, मालमत्ता, बोलणं यांच्या आड कुणी येऊ नये, हा एक प्रकार. शाळा, औषधं, अन्न कुणीतरी मला पुरवावं, हा दुसरा. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक (१९७४) पहिलाच मानतो. दुसऱ्यासाठी कुणाच्या तरी कमाईला हात घालावा लागतो, असं त्याचं म्हणणं. शब्द सुचवा.

कसबेकर: आधी 'हक्क' काढा, तो अरबी. 'अहस्तक्षेप-अधिकार' आणि 'प्राप्ती-अधिकार' म्हणा.

दफ्तरदार: कसबेकर, घटनेच्या मराठी प्रतीत 'मूलभूत हक्क' छापलंय. अधिकार अधिकाऱ्याकडे असतो, हक्क माणसाकडे. आणि जुन्या कागदांत पाटील-कुलकर्ण्यांचे 'हक्क' म्हणजे रयतेकडून त्यांना मिळणारं येणं. म्हणजे आपल्याकडे हा शब्द पुरवण्याच्याच बाजूचा.

कसबेकर: मग २००५ चा कायदा माहितीचा 'अधिकार' का म्हणतो?

दफ्तरदार: आणि २००९ चा शिक्षणाचा 'हक्क' म्हणतो. दोन्हीकडे सरकारने काहीतरी द्यायचंय. म्हणून म्हणतो, शब्दाच्या कुळावरून भांडू नका, वापर बघा.

चाकणरोड: आमच्या खेड तालुक्यातली गोष्ट सांगतो. शेताकडे जायची वहिवाट शेजाऱ्याने चर खणून बंद केली. वडिलांचं मागणं एवढंच, की वाट अडवू नका. कुणी काही द्यायचं नव्हतं. पण ती मोकळी व्हायला तहसीलदारांपुढे १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली दावा, स्थळपाहणी, पंचनामा, सगळं लागलं. त्या साहेबांचा पगार कुणीतरी भरतोच ना? मग 'आड येऊ नका' हा हक्क फुकटचा कसा?

अनुवादवही: चाकणरोड, हाच आक्षेप अमेरिकन तत्त्वज्ञ हेन्री शू यांनी १९८० मध्ये घेतला. संरक्षणालाही पोलीस आणि कोर्टं पोसावी लागतात. नोझिक तेवढं किमान राज्य मान्य करतो, त्यापुढे नाही.

चाकणरोड: शरद जोशींनी आमच्याच चाकणला कांद्याचं आंदोलन उभं केलं. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही त्यांच्या शेतकरी संघटनेची घोषणा. सरकारने वाटेतून बाजूला व्हावं, असा मी तिचा अर्थ घेतो. तिला 'नकारात्मक' म्हणवत नाही मला. 'मोकळीक' म्हणा.

नदीकाठ: मोकळीक देणारा ती काढूनही घेतो, म्हणून तो शब्द मला नको. आणि ताई, दुसऱ्या प्रकाराला हलकं लेखू नका. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते पास झालं नाही. घटनेत २१ अ यायला २००२ उजाडलं. अनुच्छेद २१ म्हणतो, कायद्याने ठरवलेल्या रीतीशिवाय जीव आणि स्वातंत्र्य हिरावू नका. २१ अ म्हणतो, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना राज्याने शिकवावं. शेजारी-शेजारी आहेत दोन्ही. माझ्या कामवाल्या मावशींची नात आरटीईच्या, म्हणजे त्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या, सोडतीतून खासगी शाळेत गेली. तिच्यापुढे कुणी नोझिक वाचून दाखवावा!

दफ्तरदार: पण सोडतीतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा राखणं खासगी शाळेवर बंधनकारक आहे. स्वातंत्र्यवाद्याचा राग नेमका तिथेच आहे. शाळामालकाने काय करायचं, हे शब्दात दिसायला हवं. 'देणेकरी हक्क' कसा वाटतो?

कसबेकर: देणेकरी म्हणजे कर्जबाजारी माणूस. पहिल्यासाठी 'मज्जाव-हक्क' चालेल.

चाकणरोड: मज्जाव म्हणजे 'मत जाव', असं आमचे गुरुजी सांगायचे. तो तर हिंदीतून आला! आणि मज्जाव मी दुसऱ्याला करतो की दुसरा मला?

कसबेकर: गुरुजींचं मला पटत नाही. शब्दकोश काढतो.

अनुवादवही: टिपण शुक्रवारी द्यायचंय. मज्जावचं नंतर बघू या का?

नदीकाठ: २१ अ च्या ओळीत कोणता शब्द घालताय, ते आधी सांगा.