ब्राउझरच्या पट्टीत नाव लिहिले, तरी भलतेच संकेतस्थळ का उघडते?

प्रश्न: निवृत्त शिक्षिका, मानेवाडा, नागपूर

नमस्कार. तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून मी निवृत्त झाले. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. जाताना त्याने आपला जुना लॅपटॉप मला दिला, क्रोम उघडून दाखवले आणि ‘जे हवे असेल ते वरच्या पट्टीत लिहायचे’ एवढे सांगून तो गेला. तेव्हापासून वीजबिल आणि मालमत्ता कर मी घरूनच भरते, कारण एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी बर्डीपर्यंत जाऊन येणे आता मला झेपत नाही.

गेल्या आठवड्यात काटोलहून माझ्या दिरांचा फोन आला. संत्र्याच्या बागेसाठी पीककर्ज घ्यायचे होते आणि त्यासाठी बँकेने सातबारा मागितला होता. मी पट्टीत ‘सातबारा काटोल’ असे लिहिले आणि सर्वांत वर जे आले त्यावर क्लिक केले. पान पाहताक्षणी ते शासनाचेच वाटले. गट क्रमांक आणि मोबाइल क्रमांक भरून मी यूपीआयने २४९ रुपये दिले. दुसऱ्या दिवशी ईमेलवर उतारा आला. परंतु त्यावर डिजिटल स्वाक्षरी नसल्यामुळे बँकेने तो परत केला. पुढे दिरांनी सेतू केंद्रात चौकशी केली, तेव्हा कळले की शासनाच्या स्थळावर सातबारा पाहण्यासाठी पैसे लागत नाहीत आणि डिजिटल स्वाक्षरीचा उतारा अवघ्या १५ रुपयांत मिळतो.

त्या दिवसापासून लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यात ‘आपल्या संगणकात व्हायरस शिरला आहे’ अशा चौकटी सारख्या येत आहेत, त्यामुळे मला धास्ती वाटते. पैशांपेक्षा मला याचे अधिक वाईट वाटले की पट्टीच्या डाव्या टोकाला कुलूप असले म्हणजे स्थळ सुरक्षित, असे मी आजवर मानत आले होते आणि त्या पानावरही मुलाने दाखवलेले चिन्ह होतेच. माझे नेमके काय चुकले, ब्राउझर आणि गूगल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का, आणि खरे शासकीय स्थळ कोणते हे ओळखायचे कसे, हे कोणी समजावून सांगितल्यास मी आभारी राहीन.

उत्तर: सॉफ्टवेअर अभियंता, त्रिमूर्तीनगर

बाई, नमस्कार. आपल्या हातून घडले त्याचे मूळ त्या पट्टीच्या रचनेतच आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

ब्राउझर म्हणजे संकेतस्थळे उघडून दाखवणारा प्रोग्रॅम. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी हे सगळे ब्राउझर आहेत. गूगल हे त्या ब्राउझरमध्ये उघडणारे एक संकेतस्थळ असून ते इतर स्थळे शोधून देते. क्रोम हा ब्राउझर त्याच कंपनीने तयार केल्यामुळे दोन्ही एकच आहेत असा समज पसरला आहे. पूर्वी फायरफॉक्समध्ये किंवा इंटरनेट एक्सप्लोररमध्ये दोन वेगळ्या पट्ट्या असत; एकीत पत्ता लिहायचा आणि दुसरीत शोधायचे शब्द. २००८ साली क्रोम आला आणि त्याने या दोन्ही कामांसाठी एकच पट्टी ठेवली. ती सोयीची ठरली आणि पुढे इतरांनीही हीच पद्धत उचलली. मात्र ‘मी पत्ता लिहितो आहे’ आणि ‘मी कोणालातरी पत्ता विचारतो आहे’ यांतला फरक नव्याने शिकणाऱ्याला दिसेनासा झाला.

पट्टीचा नियम साधा आहे. आपण लिहिलेल्या मजकुरात मोकळी जागा नसेल आणि मध्ये टिंबे असतील, म्हणजे तो पत्त्यासारखा दिसत असेल, तर ब्राउझर थेट त्या ठिकाणी जातो. तसा नसेल, तर तोच मजकूर तो शोधयंत्राकडे पाठवतो. ‘सातबारा काटोल’ हा पत्ता नव्हता, म्हणून तो गूगलकडे गेला आणि गूगलने यादी दाखवली. त्या यादीच्या माथ्यावर पुष्कळदा पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात. त्यांच्याजवळ ‘प्रायोजित’ किंवा त्याच अर्थाचा इंग्रजी शब्द बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. आपण बहुधा अशाच एका जाहिरातीवर क्लिक केले असावे.

आता पत्ता कसा वाचायचा ते सांगतो. एवढे एक कौशल्य अंगी आले, तर बाकीचे हळूहळू जमते. पट्टीवर एकदा क्लिक केले की पूर्ण पत्ता दिसतो. सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’, मग एक विसर्गचिन्ह आणि दोन तिरप्या रेघा असतात. तेवढा भाग सोडून द्या. त्यानंतर जी पहिली तिरपी रेघ येते तिच्यावर बोट ठेवा आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचा. सातबाऱ्याचे विनामूल्य स्थळ ‘भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन’ असे आहे. उजवीकडून वाचताना आधी ‘गव्ह डॉट इन’ लागते, आणि हा शेवट भारतात केवळ शासकीय यंत्रणांनाच मिळतो. त्याच्या डावीकडे ‘महाभूमी’ आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या भूमी अभिलेखांचे घर, आणि ‘भूलेख’ ही त्या घरातली एक खोली. आता ‘महाभूमी-गव्ह-इन डॉट अमुक डॉट कॉम’ असा एखादा पत्ता कल्पनेत आणा. डावीकडून वाचणाऱ्याला ‘महाभूमी’ आणि ‘गव्ह’ हे शब्द आधी दिसतात आणि त्याचे समाधान होते. उजवीकडून वाचणाऱ्याला मात्र कळते की घर ‘अमुक डॉट कॉम’ चे आहे आणि बाकी सगळे त्या घरमालकाने आपल्या मर्जीने दारावर लिहिलेले आहे. तिरप्या रेघेच्या पुढे तर कोणीही काहीही लिहू शकतो, त्यामुळे ओळख पटवण्यासाठी तो भाग धरू नये.

प्रत्येक विश्वासार्ह स्थळाचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ असाच असेल असे मात्र नाही. महावितरणचे स्थळ ‘महाडिस्कॉम डॉट इन’ आहे. अशा ठिकाणी पत्ता शोधून काढू नये. तो छापील बिलावरून घ्यावा आणि एकदा नीट उघडले की कंट्रोल व डी ही बटणे एकत्र दाबून बुकमार्क करून ठेवावे. पुढच्या महिन्यापासून शोधण्याची गरजच राहत नाही.

कोपऱ्यातल्या चौकटी हा व्हायरस नाही. त्या पानाने आपल्याला ‘सूचना पाठवू का?’ असे विचारले असेल आणि आपण घाईत होकार दिला असेल. तेव्हापासून ते स्थळ आपल्या ब्राउझरमार्फत जाहिराती पाठवत आहे. चौकटीत नीट पाहिले तर ब्राउझरचे नाव आणि पाठवणाऱ्या स्थळाचा पत्ता दिसेल. क्रोममध्ये वर उजवीकडे तीन टिंबे आहेत, तिथून सेटिंग्ज, मग गोपनीयता आणि सुरक्षा, मग साइट सेटिंग्ज आणि शेवटी सूचना असे जा. परवानगी दिलेल्या स्थळांच्या यादीतून ओळखीचे नसलेले प्रत्येक नाव काढून टाका. त्या चौकटींवर क्लिक करून कोणताही ‘अँटिव्हायरस’ मात्र कृपया उतरवून घेऊ नका.

उत्तर: निवृत्त बँक कर्मचारी, महाल

कुलपाविषयी थोडे लिहितो, कारण हा गैरसमज पसरवण्यात आम्हा बँकवाल्यांचाही हात आहे. कितीतरी वर्षे आम्ही ग्राहकांना ‘कुलूप दिसले की निर्धास्त राहा’ असे सांगत होतो आणि ते अर्धेच खरे होते.

कुलपाचा अर्थ इतकाच की आपला संगणक आणि ते स्थळ यांच्यामधून जाणारा मजकूर वाटेत तिसऱ्याला वाचता येत नाही. लखोटा पक्का चिकटवलेला आहे, परंतु तो ज्याच्या हाती पडणार तो माणूस सचोटीचा आहे की नाही, हे लखोट्यावरून कळत नाही. कुलपासाठी स्थळाला जे प्रमाणपत्र लागते, ते आज कोणालाही काही मिनिटांत विनामूल्य मिळते आणि फसवी स्थळेही ते घेतात. याच कारणाने गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोममधून कुलपाचे चिन्ह काढले आणि तिथे दोन आडव्या पट्ट्यांचे चिन्ह ठेवले. फायरफॉक्सने तेव्हा कुलूप कायम ठेवले. मात्र ‘सुरक्षित नाही’ असा इशारा दिसला, तर तिथे काहीही भरू नये, हा नियम आजही खराच आहे.

बँकांसाठी अलीकडे एक चांगली व्यवस्था झाली आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली स्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाकडे नेण्यास सांगितले आणि हा शेवट बँकांखेरीज कोणाला दिला जात नाही. वरच्या उत्तरातली उजवीकडून वाचण्याची रीत इथेही लागू पडते.

२४९ रुपयांचे म्हणाल, तर त्या स्थळाने उतारा दिला आहे. त्यामुळे ती सरळ चोरी म्हणता येईल असे मला वाटत नाही. तरीही यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन ‘ऑटोपे’ (ठरावीक काळाने खात्यातून आपोआप पैसे जाण्याची सोय) या भागात त्यांच्या नावाची एखादी मंजुरी नोंदली गेली आहे का, हे आजच पाहा आणि असल्यास रद्द करा. आपण न केलेला व्यवहार खात्यात दिसलाच, तर एक तासही न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोहोचली तरच ते रोखता येण्याची आशा असते.

उत्तर: नेट सेंटर चालक, सक्करदरा

ताई, वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. रोज लोकांची हीच कामे करून देतो, म्हणून पुढे येणारी एक अडचण आधीच सांगून ठेवतो. पैसे भरल्यावर पावती किंवा उतारा बहुतेक वेळा नव्या खिडकीत उघडतो आणि ब्राउझर ती खिडकी जाहिरात समजून अडवतो. समोर काहीच येत नाही, म्हणून माणूस घाबरून पान रिफ्रेश करतो किंवा पुन्हा पैसे भरतो. तसे करू नये. पट्टीच्या उजव्या टोकाला एक लहान चिन्ह आलेले असते. त्यावर क्लिक करून त्या एका स्थळाला परवानगी द्यावी. पावती आली की कंट्रोल व पी दाबून प्रिंटरऐवजी ‘पीडीएफ म्हणून सेव्ह करा’ निवडावे. चुकून टॅब बंद झाला, तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी यांनी तो परत येतो, आणि अक्षरे बारीक वाटली तर कंट्रोल धरून अधिकचे चिन्ह दाबावे.

दिरांनी काटोलला कुठे दुसऱ्याच्या संगणकावर काम केले, तर त्यांना खासगी खिडकीविषयी सांगा. क्रोममध्ये तिला इनकॉग्निटो म्हणतात. तिच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की कोणती पाने पाहिली आणि कुठे लॉग-इन केले याची नोंद त्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये राहत नाही. परंतु उतरवून घेतलेली फाइल तशीच मागे राहते. आमच्याकडे रोज संध्याकाळी डाउनलोड फोल्डर उघडला की परक्या लोकांची आधार कार्डे, पासबुके आणि मुलांच्या गुणपत्रिका त्यात पडलेल्या असतात. आम्ही ते सारे पुसतो; प्रत्येक ठिकाणी कोणी पुसत असेल असे मी सांगू शकत नाही. आपली फाइल आपणच काढून टाकावी आणि नंतर रिसायकल बिनही रिकामी करावी, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

प्रतिसाद: निवृत्त शिक्षिका, मानेवाडा

आपणा तिघांची मी ऋणी आहे. सूचनांच्या यादीत पाच नावे निघाली, त्यांपैकी एकच माझ्या ओळखीचे होते. बाकीची चार काढली आणि कालपासून एकही चौकट आलेली नाही. ऑटोपेमध्ये काही नव्हते.

आज सकाळी ‘डिजिटलसातबारा डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन’ हा पत्ता मी टिंबांसह स्वतः लिहिला, बोट ठेवून उजवीकडून वाचला, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला आणि १५ रुपयांत स्वाक्षरीचा उतारा घेतला. नवी खिडकी अडवली गेली होती. दादांनी सांगितलेले चिन्ह तिथेच सापडले. दिरांना पीडीएफ पाठवली आहे.

एक शंका राहिली. दिरांकडे फक्त मोबाइल आहे. त्याच्या लहान पडद्यावर पत्ता अर्धाच दिसतो, आणि व्हॉट्सॲपवर आलेली लिंक उघडली तर पट्टी आणखी आखूड होते. तिथे उजवीकडून कसे वाचायचे?

उत्तर: सॉफ्टवेअर अभियंता, त्रिमूर्तीनगर

बाई, मोबाइलच्या क्रोममध्ये पत्त्यावर एकदा बोट टेकवावे. पट्टी रिकामी झाली, तर खाली दिसणाऱ्या पत्त्याशेजारचे पेन्सिलचे चिन्ह दाबावे, म्हणजे पत्ता पट्टीत येतो आणि मग बोटाने डावी-उजवीकडे सरकवता येतो. दुसऱ्या ॲपमधून उघडलेल्या पानावर वर उजवीकडे तीन टिंबे असतात. त्यांत ‘क्रोममध्ये उघडा’ हा पर्याय निवडावा, म्हणजे नेहमीची पूर्ण पट्टी मिळते. दिरांच्या फोनवर मात्र मी याहून सोपी सोय सुचवीन. आपण पुढच्या वेळी काटोलला जाल, तेव्हा भूलेखचे स्थळ त्यांच्या फोनवर स्वतः उघडून द्या आणि त्याच तीन टिंबांतून ‘होम स्क्रीनवर जोडा’ निवडा. त्याचे चिन्ह फोनच्या पहिल्या पडद्यावर येईल. ते दाबल्यावर जिल्हा, तालुका आणि गाव निवडायचे, मग गट क्रमांक. उतारा नुसता पाहायचा असेल, तर पैसे कुठेही मागितले जाणार नाहीत.